नावापुरता निकाह

सेहेर ते वाक्य बोलली तेव्हा मी भेंडीचं टोक मोडून बघत होते. टेक्ससमधल्या फ्रिस्कोच्या आमच्या इंडियन ग्रोसरीत शनिवारी दुपारी नुसती जत्रा असते. अर्धं पुणं आणि पाऊण हैदराबाद एकाच रांगेत कार्ट घेऊन उभं. सेहेरची लेक जेरेन कार्टमध्ये पाय सोडून बसली होती आणि अजून बिल न झालेल्या पुड्यातलं बिस्कीट खात होती. समोरून शोभनाकाकू आल्या. मंडळाच्या गणपतीत प्रसादाचं सगळं त्याच बघतात, आणि वर्षभर कुणाकडे काय चाललंय तेही. “अगं इला! फिरकतच नाहीस हल्ली मंडळात. दरवेळी काय गं तुझं, वीकएंडला बिझी? केनान बरा ना? आणि ही चिमणी केवढी झाली! ही कोण, मागे पाहिल्यासारखी वाटतेय?” मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मोर्चा सेहेरकडे वळवला. “हॅलो बेटा, अँड यू आर?” लायब्ररीत बायकांसाठी इंग्लिशचा वर्ग भरतो, तिथे सेहेरला स्वतःची ओळख करून द्यायला नुकतंच शिकवलंय. तिने छातीवर हात ठेवला, श्वास घेतला, आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “माय नेम इज सेहेर. आय ॲम केनान्स वाइफ.” मग माझ्याकडे बघून, बाकावर सरकून जागा द्यावी तशी, “ऑल्सो.”

शोभनाकाकूंचा हात मिरच्यांच्या ढिगात होता, तो तिथेच राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मी बघितलं. पण माणूस अशा वेळी स्वतःच्या सोयीचं ऐकतो, आणि काकू तर मुळात प्रेमळच. “ब्रदर्स वाइफ म्हणायचंय तिला!” त्या म्हणाल्या. “केनानच्या त्या धाकट्या भावाची ना? तो बिचारा ट्रकवाला... तुझी जाऊ!” मी लगेच म्हटलं, “हो हो, जाऊ. इंग्लिश कच्चं आहे अजून तिचं.” आणि हसले. काकू सुटल्यासारख्या हसल्या. जेरेनसुद्धा, मोठी माणसं हसतायत म्हणून, तोंडभर बिस्किटाचा भुगा घेऊन हसली. सेहेर हसली नाही. तिला मराठी येत नाही, पण ‘इंग्लिश कच्चं’ एवढं कळायला मराठी यावी लागत नाही. तिने मान खाली घातली आणि मी मोडून टाकलेली, बोथट झालेली भेंडी एकेक करून पिशवीत भरायला लागली. या देशात टोक मोडलेली भेंडी परत टाकायची नसते, हे मीच तिला शिकवलं होतं.

जाऊ हे काही खोटं नव्हतं. ती माझी जाऊ होतीच, गेल्या ऑक्टोबरपर्यंत. गाडीत बसल्यावर मी स्वतःला हेच सांगत होते. सेहेर नेहमीसारखी मागे जेरेनशेजारी बसली. पुढची सीट रिकामी ठेवून मागे बसायची तिची सवय मला आधी चमत्कारिक वाटायची, टॅक्सी चालवतेय असं वाटायचं. मग त्याचंही काही वाटेनासं झालं. टोलवेला लागलो. आकाश गढूळ झालं होतं. फोनवर गारांची वॉर्निंग येऊन गेली होती. एप्रिलमध्ये इथे रोजच येते. आरशात मला तिचा अर्धाच चेहरा दिसत होता, रुमालाची कड आणि एक डोळा. मी रेडिओ लावला, मग बंद केला. मला राग आला होता आणि तो कुणावर ते ठरत नव्हतं. हिला तिथे, त्या भेंड्यांपाशी, हे बोलायची काय गरज होती? आपलं ठरलं होतं ना. आणि मग लक्षात आलं की हे ठरलं होतं ते माझं आणि केनानचं. ठरवताना सेहेर स्वयंपाकघरात चहा करत होती.

मला धार्मिक विधींची कधीच भीती वाटली नाही, हा माझ्या घराचा गुण. नागपूरला आमच्याकडे सत्यनारायण व्हायचा तेव्हा बाबा पाटावर बसून मनातल्या मनात ऑफिसची कामं लावायचे. गुरुजी ‘मम म्हणा’ म्हणाले की ‘मम’ म्हणायचे, पळीभर पाणी सोडायचे आणि परत ऑफिसात जायचे. आईला बरं वाटतं ना, मग झालं. मी तेच शिकले. न्यू जर्सीत पिस्कॅटवेला एम.एस. करताना केनान भेटला. आमचं लग्न तिथल्या टाउन हॉलमध्ये झालं, ते खरं. त्याच्या आदल्या रविवारी त्याच्या अपार्टमेंटमध्ये एक निकाह झाला, तो त्याच्या आईसाठी. दाढीवाल्या एका प्रेमळ गृहस्थांनी मला अरबी वाक्य तीनदा म्हणायला लावलं. मी म्हटलं. अर्थ विचारलासुद्धा नाही. केनान माझ्या कानात म्हणाला, “झालीस तू मुसलमान,” आणि आम्ही दोघं हसू दाबत राहिलो. नंतर पिझ्झा मागवला. तेव्हा तो माझ्याइतकाच होता, म्हणजे कशातच नव्हता. आठवड्याच्या शेवटी त्याच्या इस्तंबूलच्या मित्रांबरोबर बसून राकी नावाची दारू प्यायचा आणि तुर्कस्तानात उर्फाकडच्या आपल्या गावाच्या नकला करायचा. आमच्याकडे भाऊ मेला की त्याची बायको भावाला देतात, हे त्यानं मला तेव्हाच सांगितलं होतं, हसत, लांबच्या देशातली गंमत सांगावी तसं. कायद्याला मंजूर नाही, पण गावात कायद्याला विचारतो कोण, म्हणाला. मी म्हटलं, आमच्याकडेही कुठे कुठे पाट लावायचे दिराशी. आम्हाला वाटलं, काय हा योगायोग.

एर्जान हा त्याचा धाकटा भाऊ. ग्रीन कार्डची लॉटरी लागली म्हणून आला आणि येताना एकोणीस वर्षांची सेहेर घेऊन आला. केनान जेवढा अबोल तेवढा हा बडबड्या. ट्रक चालवायचा, टेक्ससपासून कॅन्सस, नेब्रास्का, आणि परतताना प्रत्येक वेळी माझ्यासाठी पेट्रोल पंपावरचं काहीतरी आणायचा, चावीला लावायचं बदक वगैरे. मला ‘येन्गे’ म्हणायचा, म्हणजे वहिनी. ओक्लाहोमात, पावसात, त्याचा ट्रक उलटला तेव्हा जेरेनला दोन वर्षंही झाली नव्हती. त्यांचं अपार्टमेंट सोडून दोघींना आम्ही प्लेनोच्या घरी आणलं. सेहेर खालच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायची. खायची नाही, रडायचीही नाही. जेरेनला मीच उचललं. दुसरं कोण होतं? मी घरून काम करत होते; एका हातात लॅपटॉप, दुसऱ्यात ती. तिला वरणभात मी शिकवला, आंघोळीच्या वेळी नाकात पाणी गेलं की टाळू थोपटायची असते हे माझ्या हाताला आपोआप आठवलं. ती मला ‘काकू’ म्हणायला लागली. आम्हाला मूल झालं नाही. त्यासाठी जे जे करतात ते सगळं आम्ही करून झालं होतं आणि त्याबद्दल न बोलायचंही ठरवून झालं होतं. एके दिवशी जेरेन झोपेत माझ्या मानेशी तोंड खुपसून होती आणि मला वाटून गेलं, एर्जान गेला म्हणून ही मला मिळाली. मी घाबरून तिला खाली ठेवलं. मग परत उचललं.

सासूबाईंचा व्हिडिओ कॉल यायचा. त्या आधी रडायच्या, मग मुद्द्यावर यायच्या. घरातली सून घरातच राहू दे. परक्या बाईनं परक्या पुरुषाच्या छताखाली किती दिवस राहायचं? सेहेरच्या बापानं कळवलं होतं की ती आता तुमच्या घरची. परत आली तर एकटी येईल, मूल तुमचं. मी सेहेरला बसवून, तुर्की आणि इंग्लिश आणि हातवारे, सगळं वापरून सांगितलं होतं की या देशात तुझ्याकडून जेरेनला कुणी घेऊ शकत नाही. ना सासू, ना बाप, ना आम्ही. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “आबला, आणि मी राहायचं कुठे?” आबला म्हणजे ताई. मी म्हटलं, इथेच, आणखी कुठे. हे म्हणताना मला फार बरं वाटलं होतं. भाऊ गेल्यापासून केनान शुक्रवारी मशिदीत जायला लागला होता. तो एकदा जेवताना म्हणाला, आई म्हणते ते करून टाकलं तर? फक्त नावापुरतं. तिला घरात मोकळेपणानं वावरता येईल, आई गप्प बसेल, गावात कुणी सेहेरला काही बोलणार नाही. कागदावर माझी बायको तूच. मी थोडा वेळ ताटात बघितलं. मला वाटलं होतं मला धक्का बसेल, संताप येईल. त्याऐवजी डोळ्यांसमोर आलं ते हे, की मग जेरेन कुठे जाणार नाही. मी म्हटलं, “आईला बरं वाटणार असेल तर काय हरकत आहे.” बाबांसारखं मी पळीभर पाणी सोडलं.

जवळच्या मशिदीतल्या इमामांनी सरळ नकार दिला. इथल्या कायद्यात बसत नाही, मी करणार नाही, आणि मुला, तूही करू नकोस, म्हणाले. तेव्हा ऑक्टोबरात ह्यूस्टनहून केनानच्या मामांच्या ओळखीचे एक म्हातारे होजा, म्हणजे मौलवी, आले. आमच्या हॉलमध्ये, सोफे भिंतीला लावून. टीव्हीवर सासूबाई, त्यांच्या मागे गावातल्या बायका. मी पुलाव केला होता, खजूर मांडले होते, पाहुण्यांना चहा दिला. जरा जास्तच उत्साहात होते मी, हळदीकुंकवाला असते तशी. सेहेरला माझीच मोरपंखी ओढणी दिली होती. होजांनी तिला विचारलं तेव्हा तिने मान वर केली आणि ‘हो’ म्हणाली. तीनदा विचारलं, तीनदा म्हणाली, आणि आवाज कुठेही कापला नाही. मला आठवतंय, मला कौतुक वाटलं होतं, किती छान पाठ केलंय पोरीनं. केनानच्या इस्तंबूलच्या मित्रांना कळवलं नाही. त्यांनी डोक्याला हात लावला असता. माझ्या आईला नागपूरला कळवायचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेहेर नाश्त्याला आली ती डोक्यावर रुमाल न घेता. इतकी वर्षं ती केनानसमोर केस झाकून वावरली होती, दीर म्हणजे परका. आता परका नव्हता. तांबूस, दाट केस, कमरेपर्यंत, नुकते विंचरलेले. मी पाहिले होते ते केस, तिला न्हाऊ घातलं होतं मी त्या वाईट दिवसांत. केनाननं पाहिले नव्हते. त्यानं एकदा पाहिलं आणि बशीतल्या ऑलिव्हकडे बघत राहिला. बराच वेळ बघत राहिला. मी विचारलं, “अंडं देऊ?” तो “हं?” म्हणाला. एवढंच झालं. मी ते कुठेतरी मागे ढकललं, कपाटात वरच्या फळीवर नको असलेली भेटवस्तू ढकलतो तसं. त्यानंतर सगळं आधीसारखंच होतं. आम्ही दोघं वर, त्या दोघी खाली. मी मनात म्हणायचे, बघा, किती शहाण्यासारखं निभावलं आपण. फक्त सेहेर त्याचे शर्ट इस्त्री करायला लागली. तो आला की उठून उभी राहायला लागली. शुक्रवारी त्याच्या आवडीचा, गावचा कसलासा दह्याचा पदार्थ करायला लागली आणि तो खाताना त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसायची. मी म्हणायचे, बिचारी, उपकाराची फेड करते.

“आबला,” गाडीच्या मागच्या सीटवरून आवाज आला. “मी चूक बोलले?”

मी म्हटलं, नाही. “मग तू हसलीस का?” मी म्हटलं, गारा पडतील असं वाटतं, बघ कसं झालंय. थोड्या वेळानं तिनं सांगितलं, तुर्कीत, हळू, मला समजावं म्हणून लहान लहान वाक्यांत. “पॅटरसनला माझी मावसबहीण आहे. न्यू जर्सी. तिच्या नवऱ्याची बेकरी आहे. त्यांना माणूस हवाय. वर खोली आहे. मी जेरेनला घेऊन जाते.” माझा पाय ॲक्सिलरेटरवरून सुटला आणि मागच्यानं हॉर्न मारला. मी पुढची एक्झिट घेतली, एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी उभी केली आणि मागे वळले. जेरेन झोपली होती, तोंड उघडं, हनुवटीला बिस्कीट. “तुला कुणी जा म्हटलं का?” मी विचारलं. माझा आवाज मलाच आवडला नाही. त्यात सासू होती.

“नाही,” ती म्हणाली. “राहा असंही कुणी म्हटलं नाही.”

“म्हणजे काय? घर तुझं आहे. मी किती वेळा सांगितलं.”

“मी त्या घरात कोण आहे?” ती भांडत नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं, वर्गात मास्तरणीला विचारतात तसं. “एर्जान होता तेव्हा मी बायको होते. तो गेला, मी विधवा झाले. दोन्हीत माणसाला कळतं, काय करायचं ते. आता मी काय करू? तू वर जातेस. तो वर जातो. मी दिवा बंद करते. मी चोवीस वर्षांची आहे, आबला. मरेपर्यंत पाहुणी राहू?”

“पण तुला माहीत होतं सेहेर. तो निकाह नावापुरता होता. आईंसाठी.”

“मला कुणी सांगितलं?” आता तिचा आवाज चढला आणि तिने पटकन जेरेनच्या कानावर हात ठेवला. “तू केनानला सांगितलंस. केनाननं तुला सांगितलं. मला होजांनी विचारलं. मी देवासमोर हो म्हटलं. तीन वेळा. आदल्या रात्री मी झोपले नव्हते. एर्जानची माफी मागत होते. तुझी मागत होते. मग सकाळी उठून मनापासून हो म्हटलं. त्यात नावापुरतं काय होतं?”

मला ती सकाळ आठवत होती, माझा पुलाव, माझी लगबग, आणि ते तीनदा आलेलं स्वच्छ ‘हो’. त्या खोलीत आम्ही सगळे नाटकात होतो आणि एकटी तीच खरोखर लग्न करत होती. आणि आम्हाला कुणाला ते दिसलंही नाही, मला तर नाहीच, मी चहाचे पेले मोजून बघत होते पुरतात का. तिच्याबद्दल मला इतकी माया दाटून आली की हात पुढे करून तिचा चेहरा धरावासा वाटला. आणि त्याच वेळी, त्याच छातीत, मी विचार करत होते की पॅटरसनहून इथे यायला विमानाला किती वेळ लागतो, जेरेन फोनवर किती दिवस ‘काकू’ म्हणेल, सेहेर बेकरीत असताना जेरेनला कोण बघेल, बालवाडीत तिला नवीन बाई मिळतील आणि वर्षभरात ती माझा वास विसरेल. मला माहीत होतं मुलं किती लवकर विसरतात. ती आपल्या बापाला विसरली होती. “ती माझी पण आहे,” मी म्हटलं. मराठीत म्हटलं. सेहेरनं मान हलवली, समजल्यासारखी. “म्हणून तर विचारते,” ती म्हणाली. “मला जायचं नाही. मला तुझ्याकडे राहायचंय, आबला. पण दारातली पाहुणी होऊन नाही.”

तिला नवरा हवा होता. मला मूल हवं होतं. हे इतकं सोपं होतं, आणि दोन्ही एकाच घरात होतं. मागे कुठे नागपूरला, आमच्या शेजारच्या गल्लीत एक बाई होत्या, त्यांना मूल नव्हतं म्हणून त्यांनी स्वतः आपल्या बहिणीला सवत करून आणलं होतं. आई त्यांच्याबद्दल आवाज खाली आणून बोलायची. मी सातवीत असेन. मी ठणकावून म्हटलं होतं, ही बाई गाढव आहे. आता त्या बाईंचा चेहरा आठवायचा मी प्रयत्न केला. आठवला फक्त त्यांचा पदर, नेहमी दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. मी गाडी सुरू केली. जेरेन जागी झाली आणि म्हणाली, “काकू, आर वी होम?” मी म्हटलं, आलंच बाळा. “आर यू मॅड?” “नाही गं.” “देन व्हाय इज आन्ने क्राइंग?” आन्ने म्हणजे आई. मी आरशात बघितलं. सेहेर खिडकीकडे तोंड करून होती, खांदे अगदी स्थिर. रस्ता ओळखीचा होता म्हणून गाडी घरी पोचली.

केनान ड्राइव्हवेवर होता. गारा पडणार म्हणून त्यानं एर्जानची जुनी गाडी आत घेतली होती, आता सेहेर तिच्यावर चालवायला शिकते. दुसरी जागा माझ्यासाठी मोकळी करून स्वतःची बाहेर लावली होती. दोनच गाड्यांचं गॅरेज आमचं. सेहेर जेरेनला कडेवर घेऊन काही न बोलता आत गेली. त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या. डिकी उघडून पिशव्या काढायला लागला. मी त्याला हळू आवाजात सांगितलं. दुकानातलं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की ती पॅटरसनला जायचं म्हणतेय, जेरेनला घेऊन, नावाची बायको होऊन राहायचं नाही म्हणते. तो भाजीची पिशवी हातात धरून ऐकत होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. चौदा वर्षं मी ते तोंड बघितलंय, त्यावर काय येणार ते मला आधी कळतं. मी वाट बघत होते की तो म्हणेल, असं कसं, तिला समजावू आपण. किंवा म्हणेल, जाऊ दे तिला इला, आपण दोघं आहोत. तसं तो म्हणाला असता तर मी जेरेनसाठी आयुष्यभर रडले असते, पण रडायला त्याच्याजवळ गेले असते.

“तू काय म्हणालीस तिला?” त्यानं विचारलं.

“मी काय म्हणणार? तुला विचारतेय.”

त्यानं पिशवी खाली ठेवली. मग अगदी प्रेमानं, माझ्या दंडाला हात लावून म्हणाला, “जेरेनशिवाय राहशील तू?”

मी नाही म्हटलं. खरं तेच होतं.

“मग हे नीट करावं लागेल,” केनान म्हणाला. तो सावकाश बोलत होता, ऑफिसच्या मीटिंगमध्ये अवघड गोष्ट समजावतो तसा. “असं अर्धवट ठेवणं तिच्यावर अन्याय आहे, इला. मलाही ते जाणवत होतं. मी होजांशी बोललो होतो.”

“कधी?”

“जानेवारीत.” त्यानं नजर वळवली नाही. तो खोटं बोलत नाही कधी. “ते म्हणाले, दोन्हीकडे अगदी सारखं वागता येणार असेल तरच. एक दिवसाआड. तिचा दिवस तिचा, तुझा तुझा. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. मी खूप विचार केलाय यावर. तुझ्यावर मी अन्याय होऊ देणार नाही, हे मी तुला वचन देतो.”

उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला पाणी येतं तसं, माझ्या मनात आलं. जानेवारी. तेव्हा मला ताप आला होता आणि तो रात्रभर माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसला होता. त्या माणसानं त्याच महिन्यात ह्यूस्टनला फोन लावून माझे दिवस वाटून घेतले होते, आणि वाटणीत माझ्यावर अन्याय होऊ नये म्हणून काळजीही केली होती. तो वाईट असता तर मला ओरडता आलं असतं. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. दुःख होतं, आणि दुःखाच्या खाली, अगदी खाली, ऑलिव्हच्या बशीकडे बघताना होतं ते होतं. मी इतके महिने ज्याला नावापुरतं म्हणत होते ते फक्त मीच म्हणत होते. सेहेरनं ते कधीच म्हटलं नव्हतं, त्यानं जानेवारीत सोडून दिलं होतं.

“कधीपासून?” मी विचारलं. मला अजून वाटत होतं, हा प्रश्न ऐकून तरी तो म्हणेल, वेडी झालीस का.

“तू म्हणशील तेव्हापासून,” तो म्हणाला. “तुझ्या मर्जीशिवाय काही नाही.”

मी म्हटलं, “आज.” उद्या मला ते म्हणता आलं नसतं. त्यानं मान हलवली, पिशव्या दोन्ही हातांत घेतल्या आणि आत गेला. आतून जेरेनचा आवाज आला, ती भेंडी कुरकुरीत करायला सांगत होती. मी गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं, गॅरेजचं दार खाली येईपर्यंत थांबले. मग स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले, आवाज न करता, कारण भिंतीपलीकडे सेहेरची खोली होती आणि तिचा पहिला दिवस मला खराब करायचा नव्हता.